तंबूबाहेर ‘होडी!’: मसाई मारातला एक दिवस

मुक्काम मसाई मारा, केनिया.

पहाटे ५:३०

तंबूला दार नाही, मग टकटक कशावर करणार? म्हणून चहा घेऊन आलेला माणूस बाहेरूनच हाक देतो, ‘होडी!’ मराठी कानाला आधी नदीच आठवते. स्वाहिलीत तो ‘येऊ का?’ असा प्रश्न आहे आणि उत्तर ‘करीबू’, म्हणजे या. ते ऐकल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नाही. ट्रे ओट्यावर ठेवायला सांगून पुन्हा पांघरुणात शिरलात, तर उजाडेपर्यंत बिस्किटं आणि साखर माकडांची झालेली असतात. व्हर्वेट जातीची ही माकडं तंबूची चेनसुद्धा उघडतात. चेनचे दोन्ही रनर एकत्र आणून त्यात एक छोटा स्प्रिंगचा हुक अडकवायचा. घरून नेण्यासारखी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू.

विषुववृत्त जवळ असलं तरी मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे. त्यात उघड्या गाडीला वारा लागतो. कानटोपी, स्वेटर, वर विंडचीटर असे थरावर थर हवेत, कारण नऊ वाजता तेच एकेक करून उतरवायचे असतात. रंग खाकी किंवा मातकट. गडद निळ्या आणि काळ्या रंगावर त्सेत्से माशी हमखास येते, पातळ कापडातूनही चावते आणि डासांच्या मलमाला ती फारशी भीक घालत नाही. जीन्स घरीच ठेवलेली बरी.

सकाळी ६:००

अभयारण्याचं फाटक उघडतं. तिकीट २०२४ पासून परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तेही फक्त सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांचे. अभयारण्याच्या आतल्या लॉजवर राहिलात तर निघायच्या दिवशी दहाच्या आत फाटकाबाहेर पडावं लागतं, नाहीतर पुन्हा तिकीट. त्यामुळे शेवटच्या सकाळी ‘आणखी एक सिंह बघू’ हा मोह चांगलाच महाग पडतो.

गाडीला स्वाहिलीत ‘गारी’च म्हणतात, शब्द आपल्याकडूनच गेलेला. प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, आणि मागे रांग असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची. फोटो हलतात ते बहुतेक वेळा चालू इंजिनामुळे. ते बंद करायला सांगा आणि शेजारच्यालाही बाकावर चुळबुळ करू नका म्हणा. लेन्स टेकवायला रिकामी कापडी पिशवी घरून न्यावी आणि वाटेत नारोकच्या बाजारात दोन-तीन किलो तांदूळ किंवा घेवडा घेऊन ती भरावी. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडणार असाल तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस त्या छोट्या विमानाच्या पोटात मावत नाही. अशा वेळी पिशवी कँपच्या स्वयंपाकघरात भरून मागायची. लेन्स मात्र गाडीत बदलू नका. इथली धूळ पिठासारखी असते, सेन्सरवर बसली की प्रत्येक आकाशात ठिपके.

पावसात धुळीची जागा चिखल घेतो. इथल्या मातीला केनियात ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ म्हणतात. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको: कोरडी असताना भेगा, ओली झाली की लोणी. चाक रुतल्यावर अॅक्सिलरेटर दाबला की ते आणखी खोल जातं. म्हणून चालक आधी जॅकने गाडी उचलून चाकाखाली दगड-फांद्या घालतो. आपण त्याच्या परवानगीशिवाय खाली उतरायचं नाही, मदत करायलासुद्धा नाही.

दुपारी १२:००

प्राणी सावलीत, माणसंही. बॅटऱ्या भरायची खरी वेळ हीच, कारण बऱ्याच कँपांत तंबूत वीज ठरलेले तासच असते. सॉकेट तीन चौकोनी पिनांचं. आपला गोल पिनांचा प्लग त्यात जात नाही, अॅडॉप्टर दोन तरी न्या. पाण्याची बाटली स्टीलची. संरक्षित जंगलांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर २०२० पासून बंदी आहे, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर तर देशभर २०१७ पासून.

जेवणाचे हाल होतील ही भीती फुकाची. गुजराती वस्ती इथे पिढ्यान्‌पिढ्या असल्याने चपाती आणि कचुंबरी (होय, आपली कोशिंबीरच) हे केनियाचंच जेवण झालं आहे. गोची होते ती डब्याच्या न्याहारीत. शाकाहारी म्हणून नोंद असली तरी पहाटे बांधलेल्या खोक्यात अंडं निघतं. अंडं, कांदा, लसूण, जे चालत नाही ते नाव घेऊन आदल्या रात्री सांगायचं. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही.

संध्याकाळी ७:००

तंबूमागे ‘कुनी बूस्टर’ पेटतो. कुनी म्हणजे जळण. थोडक्यात, आपला बंब. पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून आंघोळीची वेळ आधी सांगून ठेवायची.

अंधार पडला की तंबू ते जेवणघर हे शंभर पावलांचं अंतरही एकट्याने चालायचं नाही. विजेरी हलवली की अस्कारी, म्हणजे पहारेकरी, न्यायला येतो. कारण मुख्यतः पाणघोडा: रात्री तो नदीतून निघून गवत खायला थेट कँपच्या हिरवळीवर येतो आणि त्याच्या व पाण्याच्या मध्ये कोणी आलं की बिथरतो. नदीकाठचा तंबू फोटोत छान दिसतो. झोप सावध असेल तर काठापासून लांबचा मागावा, पाणघोड्यांचं घोरणं-खिदळणं रात्रभर चालतं.

मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची आणि अंग जाळीला टेकू द्यायचं नाही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू केलेल्या असतात. पीतज्वराची लसही प्रवासाआधी किमान दहा दिवस. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. परतताना ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात.

दिवा विझवून आत शिरल्यावर पायाला काहीतरी मऊ, उबदार लागेल. किंचाळू नका. जेवायला गेलेले असताना अंथरुणात ठेवलेली गरम पाण्याची रबरी पिशवी आहे ती.