बंब पेटला का?

"पंधरा दिवसांचं काम," असं गवंडी गणपतीनंतर म्हणाला होता. न्हाणीघर आणि मागची पडवी पाडायलाच डिसेंबर उजाडला, आणि भिंती पुन्हा उभ्या राहीपर्यंत होळी आली. मधल्या काळात गीझर नाही, कारण तो लावायला भिंतच नाही. कोकणात थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे दापोलीकडे येऊन अंगावर एक तांब्या घेऊन बघावा.

आईला गार पाणी चालत नाही. चार दिवस गॅसवर पातेली तापवली, तेव्हा सिलेंडर हलवून बघायची वेळ आली. आईच म्हणाली, "अरे, माळ्यावर बंब आहे ना? तो काय शोभेला ठेवलायस?"

आजोबांच्या वेळचा, पाणी तापवायचा तांब्याचा बंब. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हा खाली आला होता. आता चिंच-मीठ लावून घासला, पाणी भरलं, तर तळातून टिपटिप गळती. बंबाच्या मधोमध उभं नळकांडं असतं. त्यात वरून इंधन टाकायचं, खालच्या जाळीतून राख पडते आणि भोवती पाणी. जाळ पाण्याच्या पोटातच असल्यामुळे उघड्या चुलीसारखी अर्धी धग वाऱ्यावर जात नाही. पण पाणी संपल्यावर जाळ चालू राहिला, की सांध्याचा डाख वितळतो. वादळाच्या वेळी तो उद्योग मीच केला होता. डाख देणारा माणूस शोधण्यात दोन दिवस गेले. तो बंबाकडे बघून हसला आणि म्हणाला, "कोरडा पेटवलात ना?"

कामगारांनी सुचवलं, बंब अर्धवट न्हाणीघरात ठेवू, वर ताडपत्री आहेच. बायकोने साफ नकार दिला आणि ते बरंच झालं. कोंदट जागेत निखाऱ्यांचा जो वायू साठतो त्याला ना रंग ना वास, आणि माणूस झोपल्यासारखा जातो. बंब विहिरीजवळ उघड्यावर, चार चिऱ्यांवर मांडला.

मग पेटवण्याचं शिक्षण. पहिल्या दिवशी मी हौसेने नळकांडं सोडणांनी, म्हणजे नारळाच्या सालांनी, गळ्यापर्यंत भरलं. सोडणं अंगणात पडून दवाने भिजलेली. नुसता धूर, जाळ गुदमरलेला, आणि शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून विचारतायत, "बंब पेटला का?" हा प्रश्न त्यांनी पुढे महिनाभर विचारला. आईने खुर्ची बाहेर आणवली आणि बसून सांगितलं: आधी पोफळीची वाळकी विरी (झावळीच्या बुडाचं आवरण), मग माडाच्या पोयीचे, म्हणजे वाळक्या फुलोऱ्याचे तुकडे, जाळ धरला की करवंट्या, पण दोन-दोनच. सोडण शेवटी, निखारा टिकवायला. खालची राख आधी ओढायची, नाहीतर वारा लागत नाही.

माझा स्वभाव मोजण्याचा. बंबात ४० लिटर पाणी मावतं. ते २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण १.६ युनिट उष्णता लागते. २ किलोवॅटच्या गीझरला पाऊण तासाहून जास्त वेळ. मला एका सकाळी सव्वा किलो करवंट्या लागल्या. तेवढ्यात विसण घालून पाच जणांच्या आंघोळी झाल्या. राख आईने भांड्यांसाठी राखून ठेवली, तिने काही मोजलं नाही.

एक नियम मात्र मी तोटीवर दोरीने बांधून ठेवला होता, पुठ्ठ्यावर लिहून: जाळ असेपर्यंत जेवढं गरम काढाल तेवढं गार ओता. पाहुणे वाचून हसायचे. डाख देणाऱ्याचं हसणं मी आधीच पाहिलं होतं.

मार्चमध्ये गीझर लागला. गवंड्याला म्हटलं, जाता जाता बंबाला चिऱ्यांचा ओटा बांध, वर चार कौलं घाल. त्याने बांधला, झकास बांधला, आणि त्याचे पैसे बिलात वेगळे लावले.