आमची वाटचाल : कफ, कान आणि कोरोटकॉफ

ऑफिसातलं पाऱ्याचं बीपी यंत्र नव्या मुलांना शोभेचं वाटतं. शोभेचं कसलं, पहिली काही वर्षं आमची चूल त्यावर पेटली! डिजिटल यंत्र खरं बोलतं का, हे तपासणं हा आमचा धंदा, आणि ते त्याच्याशेजारी बसवूनच ठरायचं. आयएसओ ८१०६०-२ या बीपी यंत्रांच्या तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान ८५ माणसं, एकाच स्टेथोस्कोपला दोघांचे कान, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. दंडावरचा फुगवलेला पट्टा, म्हणजे कफ, सैल होताना नाडीचे जे ठोके ऐकू येतात, ते कोरोटकॉफचे आवाज; दोघांनी तेच ऐकायचे. दोघांच्या आकड्यांत पाऱ्याच्या ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की रीडिंग बाद. माझ्या भागीदार सिस्टर सेकंदाला २-३ मिलिमीटरने पारा असा उतरवायच्या की बघत राहावं. हल्लीच्या पोरांना व्हॉल्व्ह म्हणजे पाण्याचा नळ वाटतो.

मग मनगटी घड्याळं आली. कफ नाही, नाडीच्या लहरीवरून बीपी. एका कंपनीची अशी घड्याळं औषधाच्या ट्रायलमध्ये वापरायची होती; ती तपासायचं मोठं काम आमच्याकडे जवळजवळ ठरलं होतं. आम्ही सांगितलं, औषध सुरू केल्यावर तपासू, झोपेत तपासू, व्यायामानंतर तपासू, वेळ लागेल. शहरातल्याच दुसऱ्या एका फर्मने निम्म्या दरात, निम्म्या वेळात रिपोर्ट दिला. सकाळी कफ लावून घड्याळाला आकडा शिकवायचा आणि तासाभराने त्याच खुर्चीत तोच आकडा वदवून घ्यायचा! वर सहसंबंधाचा, म्हणजे दोन्हींचे आकडे बरोबरीने चढतात-उतरतात हे दाखवणारा, सुबक आलेख. अहो, रुग्णाचं बीपी औषधाने उतरलं आणि घड्याळ सकाळच्याच आकड्याला चिकटून बसलं, तर ट्रायलमध्ये चांगलं औषधही निकामी ठरेल. हे मी मीटिंगमध्ये बोललो. चहा मिळाला, काम गेलं.

पाठोपाठ आमची दोन शिकवलेली मुलं त्याच फर्मने उचलली. भाडं थकलं. सिस्टरांनी पाटल्या गहाण ठेवल्या, तेही मला न विचारता.

त्या काळात टिकलो ते एका डॉक्टर मॅडममुळे. त्यांच्या ट्रायलची चोवीस तास बीपी नोंदवणारी यंत्रं त्या आमच्याकडेच तपासायला पाठवत. रक्कम किरकोळ, पण चेक वेळेवर. फोन आला की आधी ओरडा : “अहो, मोठे कफ कुठायत? जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी उगाच चढतं, हे मी तुम्हाला सांगायचं?” मोठे कफ त्यांच्याकडच्याच कपाटात सापडत. ते असो.

पुढची वर्षं बरी गेली.

विषय निघालाच आहे तर सांगतो. रिपोर्टमध्ये नुसता सहसंबंध दाखवला तर पैसे देऊ नका. दर वेळी १५ जास्त दाखवणाऱ्या यंत्राचाही सहसंबंध पैकीच्या पैकी येतो. दोन यंत्रांच्या आकड्यांतल्या फरकांचा आलेख मागा. ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे लिहून ठेवलंय. आणि फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती रिपोर्टवर छापून घ्या. ती बदलली की जुना रिपोर्ट रद्दीत.

परवा तीच घड्याळवाली कंपनी आली. नवं फर्मवेअर, नवे मॅनेजर, तोच जुना रिपोर्ट. सिस्टरांनी तो चाळला, बाजूला ठेवला आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले. मी मध्ये बोललो नाही.