माशाला पांढरी, मटणाला लाल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. असं विचारणारे तुम्ही काही पहिले नाही. मी फ्रान्समधल्या ल्यों शहरात एका छोट्या खानावळीत टेबलं सांभाळते हे कळलं, की पुण्याचा मावसभाऊ असो नाहीतर युरोपच्या टूरवर आलेले बाबांचे मित्र, प्रश्न ठरलेला: "माशाला पांढरी वाईन, मटणाला लाल, एवढंच ना?" विचारणाऱ्याला 'हो' हवं असतं. मीही बरीच वर्षं 'हो' म्हणून सुटका करून घ्यायचे.

त्यात तथ्य नाही असं नाही. लाल वाईनमध्ये लोह जरा जास्त असलं, तर माशाच्या तेलाशी त्याचं जमत नाही. घोट गिळल्यावर शिळ्या मासळीसारखी चव तोंडात रेंगाळते. पण बोर्दोला जा. तिथे लँप्री नावाचा, वामेसारखा लांबुळका जलचर चक्क लाल वाईनमध्ये, स्वतःच्या रक्तासकट शिजवतात आणि ग्लासातही लालच ओततात. जुराच्या डोंगरात कोंबडी पिवळ्या वाईनमध्ये शिजते. आता रंगावरून जुळवा जोड्या!

म्हणून मी उलट विचारते: पदार्थ कुठला? जिथला पदार्थ, तिथल्याच पंचक्रोशीतली बाटली. मालवणी माशाबरोबर सोलकढी कुणी तज्ज्ञाने बसून ठरवली होती का? रातांबे परसात, नारळ परसात, मासळी दारात. लुआर नदी समुद्राला मिळते तिथली म्युस्कादे आणि किनाऱ्यावरची कच्ची कालवं यांचं तेच. ती वाईन हिवाळाभर यीस्टच्या गाळावर तशीच ठेवतात. पातळ, आंबटसर, किंचित खारी. नुसती प्यायलात तर नाक मुरडाल. कालवाच्या शिंपल्यातलं पाणी आधी तोंडात गेलं, की मग तिची गंमत कळते.

आमच्या ल्योंला अशा खानावळीला 'बुशाँ' म्हणतात. फ्रेंचमध्ये बुशाँ म्हणजे बूचसुद्धा, त्यामुळे हा शब्द मला पाठ करावाच लागला नाही. इथे सगळं डुकराच्या चरबीचं राज्य: गरम सॉसेज, उकडलेले बटाटे, वर तेल आणि कांदा. त्याबरोबर शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या बोजोले भागातली लाल वाईन, तीही 'पो' नावाच्या जाड बुडाच्या बाटलीतून. तिच्यात ४६० मिली मावते. बूड एवढं जाड, की बाटली रिकामी झाली तरी भरल्यासारखी जड लागते. बोजोलेचं द्राक्ष गामे. १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, या गामेला 'बेइमान' ठरवून त्याच्या वेली उपटायचा हुकूम काढला. बर्गंडीच्या दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ते सुखाने नांदलं. तुरटपणा कमी, आंबटपणा भरपूर, म्हणून चरबीचा थर जिभेवरून धुऊन नेतं.

आणि ही लाल वाईन आम्ही गार देतो, १२-१३ अंशांवर. आपल्याकडे कुणीतरी सांगितलेलं असतं, 'लाल वाईन रूम टेंपरेचरला'. ती रूम जुन्या फ्रेंच दगडी घराची, १६-१७ अंशांची. मे महिन्यातल्या पुण्याची नव्हे. घरी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि कुणी हसलं तर हसू द्या. महागडी बाटली घेण्यापेक्षा या अर्ध्या तासाने जास्त फरक पडतो.

आता माझी फजिती सांगते. नवीन होते तेव्हा मालकीणबाईंनी एका टेबलासाठी व्हँ झोन आणायला सांगितली. व्हँ झोन म्हणजे जुराची पिवळी वाईन. साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची. पिंपातली वाईन हळूहळू उडून जाते, तसतशी इतर वाईनच्या पिंपात भर घालतात. या पिंपात घालत नाहीत. रिकाम्या जागेखाली वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. हवेत उघडी राहिलेली वाईन एरवी व्हिनेगर व्हायची. ती का आंबते, हे शोधून काढणारा लुई पाश्चर जुरातल्याच आर्ब्वा गावात वाढला. इथे मात्र तो पापुद्राच वाईनला राखतो, निदान ६० महिने. सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाचा डिसेंबर अर्धा सरल्याशिवाय पिंपातून काढायची नाही, असा कायदाच आहे. मग ती क्लाव्हलँ नावाच्या बसक्या, रुंद खांद्यांच्या बाटलीत जाते. बाटली ६२० मिलीची. एका लिटरचं इतक्या वर्षांत एवढंच उरतं, म्हणतात.

यातलं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. पांढऱ्या द्राक्षाची म्हणून मी ती बर्फाच्या बादलीत खुपसली. उघडून हुंगली आणि दचकले. अक्रोड, आणि त्यामागे काहीतरी ओळखीचं, पण वाईनमध्ये न शोभणारं. धावत आत गेले आणि म्हटलं, "बाई, बाटली खराब निघाली." त्यांनी ग्लास हातात घेतला, तळहातांनी धरून थोडा वेळ ऊब दिली. म्हणाल्या, "बाटली चांगली आहे. तू गोठवलीस." व्हँ झोन १४-१५ अंशांवर द्यायची असते आणि खूप आधी उघडून ठेवायची असते. त्या टेबलावर याच वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी होती, साय आणि मोरी नावाच्या अळंब्या घातलेली. मोरी म्हणजे आपली काश्मीरची गुच्छी. सोबत काँते चीज, दीड वर्ष मुरलेलं. पाहुणे बिचारे पंधरा मिनिटं बाटली गरम व्हायची वाट बघत बसले.

बाटली खरोखर खराब असते तेव्हाचा वास वेगळा: पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटाचा. दोष बुचाचा. अशा वाईनला इथे 'बुशोने' म्हणतात, मी मनात 'बुचाळलेली' म्हणते. यजमानाच्या ग्लासात आधी घोटभर ओततात ते एवढ्याचसाठी. आवडली का, हे विचारायला नव्हे. आपली मंडळी त्या घोटावर डोळे मिटून गंभीर चेहरा करतात, जणू प्रबंधाची तोंडी परीक्षाच चालू आहे. हुंगा, गोणपाट नसेल तर मान हलवा, आम्हाला पुढची टेबलं आहेत.

तो ओळखीचा वास मात्र कित्येक महिने छळत होता. शेवटी सापडला, तो आईने पाठवलेल्या डब्यात. मेतकूट! नंतर कळलं, मेथीदाण्याच्या वासाचं मुख्य द्रव्य सोटोलॉन, आणि व्हँ झोनला तिचा वास देणारंही तेच. मालवणी तिखट रश्श्याबरोबर मी कुणाला वाईन सुचवत नाही, तिखट आणि दारू मिळून जीभ जाळतात. पण मेतकूट सौम्य.

एका रविवारी खानावळ बंद झाल्यावर मी मऊ भात केला, वर साजूक तूप, वर मेतकूट. क्लाव्हलँच्या तळाशी दोन ग्लास उरली होती. मालकीणबाईंनी आधी ताट हुंगलं, मग ग्लास, मग पुन्हा ताट. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भात संपवून त्यांनी विचारलं, "हे तुम्ही किती वर्षं मुरवता?"

म्हटलं, "मुरवत नाही. भाजून दळतो."