पणजीत वस्तीला, आणि आंटीच्या घरचं अर्थिंग

सोमवार, रात्रीचे दहा. बाहेर पाऊस कोसळतोय.

आमच्या सांखळी-डिचोलीकडच्या माणसांना पणजी म्हणजे काम. सकाळची कदंबा (सरकारी बस) धरायची, कुठल्यातरी खात्यात रांग लावायची, एक कागद कमी म्हणून झेरॉक्सला पळायचं, दुपारी भाजीपाव आणि काळोख पडायच्या आत घरी. वस्तीला राहतात ती पुण्याची नाहीतर दिल्लीची माणसं. त्यामुळे "शनिवारी पणजीला जाऊया, राहायलाच" असं मी म्हटल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न केला तो "कोण आजारी आहे?" कारण त्यांच्या लेखी तिकडे रात्र काढायची म्हणजे बांबोळीच्या जीएमसी इस्पितळात कुणाच्या तरी उशाशी.

तर गेलो. नवरा, मुलगा, आई (म्हणजे सासूबाईच) आणि मी. गाडी मी चालवणार हे ठरलेलंच, नवऱ्याला पणजीत गाडी चालवायचा कंटाळा, पार्किंगच्या नावाने त्याचं डोकं उठतं. गाडी टियागो ईव्ही, म्हणजे विजेवरची, २४ युनिटची बॅटरी, म्हणजे हिशेब सोपा आहे, रिकामी असेल तर भरायला घरच्या मीटरवर चोवीसेक युनिट पडतात, थोडी गळती धरून जरा जास्त. रोज रात्री पंधरा अँपियरच्या प्लगला लावायची आणि झोपायचं, एवढंच मेंटेनन्स. पण शुक्रवारी रात्री वारा सुटला, कुठेतरी झाड पडलं आणि वीज गेली ती शनिवारी दुपारपर्यंत आलीच नाही. जुलैतलं हे नेहमीचंच, त्याचं काही नाही. पण गाडी चाळीस टक्क्यांवर राहिली. स्क्रीन म्हणतेय ऐंशी किलोमीटर, पणजी जाऊन-येऊन सत्तर. नवरा म्हणाला रद्द कर. मी म्हटलं पणजी म्हणजे काय सहारा वाळवंट नाही, भरू तिथे कुठेतरी. अख्खा गोवा उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत शंभरेक किलोमीटरचा, इथे गाडी बंद पडायला खास मेहनत घ्यावी लागेल.

आमोण्याच्या पुलावरून गेलो, खांडोळा, माशेल, बाणस्तारी, जुनं गोवं. आमोण्याला आलं की नवरा गप्प होतो. तो खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होता, २०१२ ला खाणी बंद पडल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, तेव्हापासून स्वतःची वायरिंगची कामं घेतो. तेव्हा या रस्त्यावर ट्रकांची अशी रांग असायची की पाच किलोमीटरला तास जायचा, झाडांची पानंसुद्धा लाल. आता झाडं हिरवीगार दिसतात आणि ते बघून बरं वाटावं की वाईट हे आमच्या घरात कधी ठरलेलं नाही.

रायबंदरच्या पुढे तो जुना पोर्तुगीज बांध लागतो, १६३३-३४ सालचा, तीन किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी. तिथे मी गाडी चाळीसवर आणली. इंजिनाचा आवाज नाही, टपावरचा पाऊस नीट ऐकू येतो, आणि मग आईंना बोलायचा हुरूप आला. एरवी बसमध्ये त्या डोळे मिटून बसतात. समोर मांडवीवरचे तिन्ही पूल दिसायला लागले आणि त्यांनी १९८६ काढलं. ५ जुलैला मांडवीचा पूल पडला तेव्हा मामंजी पणजीत नोकरीला, म्हापशावरून येणारी बस बेतीला थांबायची आणि तिथून फेरीबोट, पावसात, छत्री उघडली तर मागच्याच्या डोळ्यात. कित्येक दिवस ते घरी पोचेपर्यंत भात तिसऱ्यांदा गरम केलेला असायचा. हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मुलगा मागून विचारतो, "आजी, पूल पडला म्हणजे खाली पडला?" "मग काय वर पडणार!"

राहायची सोय फोंतेन्यशमध्ये, पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत केली होती, एका म्हाताऱ्या ख्रिश्चन बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पिवळ्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), आणि दाराबाहेर पाटी, इथे फोटो काढू नका. आंटी त्याबद्दल बोलायला लागल्या की थांबत नाहीत. लोक सकाळी सात वाजता येऊन त्यांच्या पायरीवर पोज देतात, एकदा नवरी-नवरा, फोटोग्राफर आणि छत्री धरणारा असे सगळे त्यांच्या दारात, आणि आंटींना मासळी घ्यायला बाहेर पडता येईना. रस्ता एवढा अरुंद की समोरून स्कूटर आली तरी एकाने दम धरायचा. बरं, आम्हीही पाहुणेच, पण आम्ही कोंकणीत बोललो म्हणून आमचं वजन जरा वाढलं.

खरी मजा प्लगची. फोनवर विचारलं होतं, पंधरा अँपियरचा सॉकेट आहे का, आंटी म्हणाल्या आहे, गीझरचा. खालच्या पडवीत होता पण, छान मोठा तीन पिनांचा. गाडी पुढ्यात लावली, केबल खिडकीतून आत घेतली, प्लग लावला, आणि चार्जरच्या डब्यावर लाल दिवा. काढला, परत लावला. लाल. आंटी काठी टेकत आल्या, "कितें जालें पुता?" नवऱ्याने खिशातून टेस्टर काढला (तो देवळात जातानाही टेस्टर नेतो) आणि सॉकेट उघडून बघितला. फेज आहे, न्यूट्रल आहे, आणि वरच्या मोठ्या पिनेला वायरच नाही. म्हणजे अर्थिंग नाही. तीन भोकं दिसायला, काम दोघांचंच. जुन्या घरांत हे सर्रास, गीझर चालतो, मिक्सर चालतो, कुणाला कळत नाही.

गाडीच्या चार्जरला मात्र कळतं. तो आधी अर्थ तपासतो आणि नसेल तर करंट सोडतच नाही. आंटींचा भाचा तेवढ्यात वरून आला, म्हणाला त्यात काय, न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडा, चालेल, यूट्यूबवर दाखवतात. नवऱ्याचा आवाज एरवी चढत नाही, तेव्हा चढला. त्याने त्या मुलाला पायरीवर बसवून समजावलं की गाडी रबराच्या टायरवर उभी आहे, आत कुठे बिघाड होऊन बॉडीत करंट आला तर त्याला जमिनीत जायला वाटच नाही, मग जो माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून दाराच्या हँडलला हात लावेल तोच वाट. आणि न्यूट्रलचा तुकडा जोडला आणि कधी मागची न्यूट्रल सुटली, तर सबंध बॉडीच फेजला. "तो लाल दिवा तुझा जीव वाचवतोय, त्याला गंडवायचं कशाला?" भाचा गप्प. आंटींनी मात्र लगेच विचारलं की मग माझ्या गीझरचं काय? त्या दिवसापासून आंटी थंड पाण्याने आंघोळ करणार हे मला तिथेच दिसलं.

मग पाटोवर गेलो. ओरेंची खाडी ओलांडली की पलीकडे पाटो, चालत दहा मिनिटं, गाडीने वन-वेमुळे तेवढीच. ॲपवर दोन चार्जर दिसत होते, दोन्ही हिरवे. पहिल्यावर गेलो तर मशीनची स्क्रीन काळी आणि पुढ्यात कुणाची तरी पेट्रोलची एसयूव्ही आरामात पार्क केलेली. कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच, ॲपमध्ये चालू आणि जाग्यावर बंद, आणि प्रत्येकाचं ॲप वेगळं, प्रत्येकात आगाऊ पैसे भरा, म्हणजे माझे शंभर-दोनशे रुपये गोवाभर विखुरलेले आहेत. दुसरा चालू होता पण एक टॅक्सीवाला लागलेला, सिटमध्ये मागे रेलून रील्स बघत. म्हणाला पंच्याहत्तर झालंय, ऐंशीला काढतो. हा धंद्यातला माणूस, त्याला माहीत, ऐंशीनंतर मशीन हात आखडता घेते, पुढच्या वीस टक्क्यांना तेवढाच वेळ खाते आणि मागे माणसं ताटकळतात. जे घरी रात्रभर लावू शकतात त्यांनी इथे शंभरपर्यंत बसून राहणं हा मला चक्क उद्धटपणा वाटतो.

पाऊस सरळ धारेने. मी ती जाड केबल ओढून गाडीकडे आणली तशी आईंनी आतून काच खाली केली. "आगो, पावसांत शॉक मारचो ना मगे?" प्रश्न रास्त आहे, मलाही पहिल्यांदा भीती वाटलेली. मी त्यांना सांगितलं की तो कनेक्टर गाडीत बसून लॉक होईपर्यंत पिनांत करंट येतच नाही, आधी मशीन आणि गाडी एकमेकांना ओळख विचारतात, सगळं जुळलं तर पुढचं. आई म्हणाल्या, "म्हणजे लग्नासारखं." आणि काच वर.

तासभर लागणार होता. मुलाला कृष्णदास शामा ग्रंथालय दाखवलं, तिथेच पाटोवर आहे, १८३२ सालापासूनची परंपरा, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक वाचनालयांत गणना. इमारत अर्थात नवी. आत जायला वेळ उरला नव्हता, बाहेरूनच बघितलं, त्याने विचारलं वायफाय आहे का. असो. गाडी ऐंशीला आली, काढली, पैसे घरच्या युनिटच्या मानाने कितीतरी जास्त गेले. पेट्रोलपेक्षा कमीच, पण घरच्या मीटरची सवय लागली की हा दर टोचतो. आणि अजून एक टोचतं, ते मी कुणाजवळ फारसं बोलत नाही. आपल्या राज्यात स्वतःची वीज जवळजवळ नाही, येते ती बाहेरून, बरीचशी कोळशाची, आणि ती आणणाऱ्या लाइनींसाठी मोलेच्या जंगलातली झाडं तोडायची की नाही यावर लोक रस्त्यावर उतरले होते. मी हिरव्या नंबरप्लेटची गाडी घेऊन हिंडते आणि लोक म्हणतात वा, पर्यावरण. मी पर्यावरणासाठी घेतलेली नाही, रोज सांखळी ते फोंडा नोकरीला जाते, पेट्रोल परवडत नव्हतं.

रात्री कॅफे भोसलेत मिक्स भाजी आणि बन. आईंना वाटलं होतं मासे मिळतील, पण ट्रॉलरांना बंदी, ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे बाजारात जे आहे ते एकतर नदीचं नाहीतर बर्फातलं, आणि बर्फातल्या मासळीबद्दल त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. गोड बनाचा तुकडा तिखट भाजीत बुडवून त्या खात होत्या आणि आजूबाजूच्या टेबलांकडे निरखून बघत होत्या. म्हणाल्या, मी इथे ह्यांच्याबरोबर आले होते, तेव्हा घाई होती, बस सुटेल म्हणून त्यांनी मला अर्धा बन कागदात बांधून घ्यायला लावला. परतताना मळा या वस्तीतून चालत आलो, आठ-साडेआठलाच सामसूम, मांडवीवर मात्र कसिनोच्या बोटींचा झगमगाट. आईंनी तिकडे ढुंकून बघितलं नाही.

रविवारी सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने जाग आली. आंटींनी गरम पोय (कोंड्याचा पाव) आणि चहा वर पाठवला. आधी महालक्ष्मी, १८१८ चं देऊळ, पोर्तुगीज अमलात पणजीत परवानगी मिळालेलं पहिलं असं सांगतात. मग इमॅक्युलेट चर्चच्या पायऱ्या, मुलगा धावत वर, आम्ही खालूनच हात जोडले. आणि मग आई म्हणाल्या, मिरामारला चल, भाऊंकडे.

भाऊ म्हणजे भाऊसाहेब बांदोडकर, पहिले मुख्यमंत्री, मिरामारच्या किनाऱ्याजवळ त्यांची समाधी आहे. पर्यटक तिच्यासमोरून आइस्क्रीम खात जातात, दोष नाही, त्यांना काय माहीत. आईंनी देवळाबाहेर घेतलेली अबोलीची वेणी अर्धी देवीला वाहिली होती आणि अर्धी पर्समध्ये ठेवली होती, हे मला तिथे कळलं. गोवा मुक्ती १९६१ ची. त्याच्या आधी त्यांच्या सत्तरी तालुक्यातल्या गावात मुलींनी शाळेत जायचं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. भाऊंच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातलीच एक त्यांच्या वाड्यावर, एका शेतकऱ्याच्या पडवीत, आणि आई तिथे चौथीपर्यंत शिकल्या. पेपर त्या रोज वाचतात, शेवटच्या पानापर्यंत, निविदा सूचनांसकट. १९७३ साली भाऊ गेले तेव्हा गावात चूल पेटली नव्हती म्हणतात. समाधीवर वेणी ठेवून पावसात त्या उभ्या राहिल्या, मी छत्री धरली, मुलगा पण काही न विचारता उभा राहिला. मग एकदम वळून म्हणाल्या, "चल, चपला भिजल्या."

परतीला काहीच घडलं नाही. सत्तेचाळीस टक्के उरवून घरी पोचलो, वीज होती, प्लगला लावली.

आज सकाळी आंटींचा नवऱ्याला फोन. रात्रभर झोप नाही म्हणे, गीझर नको, मिक्सर नको, येऊन अर्थिंग करून दे. हा लगेच निघाला, तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, पाइप सगळं कदंबात घालून, कारण गाडी मी फोंड्याला नेली होती. मागच्या बाजूला विहिरीजवळ हातभर जागा मिळाली, खाली चिरा लागला, भाच्याला पहार दिली आणि अर्धा दिवस खणायला लावलं. संध्याकाळी दमून आला आणि म्हणाला बिल किती लावू कळत नाही, म्हातारी एकटी आहे. आई पेपर खाली ठेवून म्हणाल्या, पैसे घेऊ नकोस, चतुर्थी झाल्यावर एक शनिवार माग. आणि मासळीची बंदी उठलेली असेल तेव्हा, ते आधी विचारून ठेव.