शेख मेमन स्ट्रीट बघायची तर दोनदा जा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून मुंबादेवीकडे जाणारी शेख मेमन स्ट्रीट लांबीला किलोमीटरभरही नाही, पण एका फेरीत ती बघून होत नाही. कामाच्या दिवशी अकरानंतर गेलात तर धंदा दिसतो, इमारती नाहीत, कारण डोळे सतत हातगाडीच्या चाकावर आणि हमालाच्या डोक्यावरच्या गाठोड्यावर. रविवारी सकाळी मंगलदास आणि मुळजी जेठा ही दोन्ही कापडमार्केटं बंद असतात, तेव्हा मान वर करून चालता येतं. म्हणून आधी रविवारी जा, मग कामाच्या दिवशी दुपारी.

मस्जिद किंवा सीएसएमटी, दोन्ही स्टेशनांवरून चालत येता येतं. मेट्रोचं काळबादेवी स्टेशनही जवळ आहे, पण तिथून आलात तर मधेच घुसता. सुरुवात क्रॉफर्डपासूनच करावी. मार्केट १८६९ चं, आराखडा विल्यम इमर्सनचा. कुर्ल्याचा पिवळट आणि वसईचा तांबूस असे दोन दगड वेगवेगळे ओळखू येतात. दारांवरचे कोरीव पट्टे शिल्पकार लॉकवुड किपलिंगचे. पाच मिनिटं पुरतात, पुढे चला.

जामा मशिदीपाशी मात्र थांबा. ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. तिथला तलाव जसाच्या तसा राखायचा, या अटीवर त्याने ती मशिदीसाठी दिली. म्हणून १८०२ मध्ये पुरी झालेली मशीद तलावाच्या वरच उभी राहिली. पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या १६ कमानी तिचा भार पेलतात. त्या मात्र नंतरच्या, १८७४ मधल्या. जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा नियमावलीच्या कितीतरी आधी पाळलेली अट आहे ही. नमाजाची वेळ टाळा आणि आत जायचं तर आधी विचारा.

हा भाग इतका दाट का झाला, त्याचं एक मोठं कारण १८०३ ची आग. कोटाच्या, म्हणजे आजच्या फोर्टच्या, आतली वस्ती जळाली आणि व्यापारी तटाबाहेर उत्तरेला सरकले. पुढे अमेरिकेतल्या यादवीमुळे, १८६१ ते ६५ च्या दरम्यान, कापसाचा पैसा धो धो आला. खाली पेढी, वर गोदाम, त्याच्या वर बिऱ्हाडं, हा साचा या व्यापाराने घट्ट केला.

इमारत वाचायची ती दुकानाच्या पाटीच्या वरून. खालचा मजला काचा आणि ॲल्युमिनियमने झाकून गेलेला असतो. पहिल्या माळ्यापासून सागवानी खांब, नक्षीदार घोडे (सज्जा पेलणारे लाकडी ब्रॅकेट), ओतीव लोखंडाचे कठडे आणि वर मंगलोरी कौलं दिसू लागतात. आता गॅलरीच्या कठड्याची रेघ बघा. मधे झोळ पडला असेल तर आत तुळईचं टोक कुजलंय असं समजा. हे टोक भिंतीत दडलेलं, त्याला हवा नाही. छपराची गळती किंवा मागे नंतर जोडलेल्या संडास-मोरीचं पाणी तिथेच मुरतं. त्यात कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारतो. चुना ओल घेतो तशी सोडतोही, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. बाहेरून भिंत छान दिसते, आत लाकूड भुसभुशीत. मग लोखंडी टेकू येतात. ते गंजून फुगले की आजूबाजूची वीट फुटते. भेगेतला पिंपळ वरून छाटून काही होत नाही, मुळं आत जाडच होत राहतात. आणि बिऱ्हाडासाठी बांधलेल्या माळ्यावर कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचले की उरलंसुरलं काम वजन करतं.

मग या इमारती टिकल्या कशा? वारसा नियमावली १९९५ ची, आणि क्रॉफर्ड मार्केट तिच्या पहिल्या श्रेणीत आहे. पण गल्लीतल्या घरांना खरं धरून ठेवलं ते १९४७ च्या भाडे कायद्याने. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. पागडीचा, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणारा, भाडेकरू हलेना, मालकाला पाडता येईना आणि त्या भाड्यात दुरुस्तीही परवडेना. जतन म्हणा की नाइलाज, गल्ली त्यातून वाचली आणि त्यातूनच कुजली. बऱ्याच इमारती उपकरप्राप्त आहेत, म्हणजे दुरुस्तीसाठीचा कर (उपकर) भरणाऱ्या; त्यांनी दुरुस्तीसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती मंडळाकडे बघायचं.

याच रस्त्यावरच्या झवेरी बाजारात, म्हणजे सोन्याचांदीच्या पेठेत, दुकानं उघडण्याआधी पोचलात तर झारेकरी, म्हणजे धुळीतून सोन्याचे कण वेचणारे, दिसतील. मऊ झाडूने कारखान्याचा उंबरा आणि गटाराची कड झाडतात. कचरा पाटीत घेऊन पाण्यात हलवतात, हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. त्यात पारा घालून चोळला की सोनं त्याला चिकटतं. मग तापवून पारा उडवतात. ती वाफ विषारी असते, भट्टीपाशी उभं राहू नका.

फोटो काढताना कॅमेरा वरच्या माळ्यांकडे ठेवा. दागिन्यांच्या दुकानावर आणि अंगडियाच्या (रोकड-दागिने पोचवणाऱ्या पेढीच्या) माणसावर रोखलात तर हटकतीलच, आणि या बाजाराने बॉम्बस्फोट सोसलेत, तेव्हा राग धरू नये. सॅक पुढे घ्या, बूट बंद घाला. पावसाळ्यात फेरी टाळा: ताडपत्र्यांनी सगळे मजले झाकलेले असतात आणि जुन्या सज्जांखालून चालणं शहाणपणाचं नाही. खायचं असेल तर झवेरी बाजारातल्या खाऊ गल्लीत खिचिया पापड भाजून मिळतो, पण कामाच्या दिवशीच. रविवारी घरून डबा न्या.