‘रन’चे अर्थ आणि आपलं ‘चालणं’

इंग्रजी शिकताना रन म्हणजे पळणे एवढं एकदा पाठ झालं की ते डोक्यातून जातच नाही, आणि मग पुढे कोणाचं नाक रन होतंय, कोणी कंपनी रन करतंय असं वाचलं की माणूस अडखळतो. १९८९ च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत सगळ्यात लांबलचक नोंद सेट या शब्दाची होती, नंतर सुधारित नोंदी झाल्या तेव्हा रन पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले, आणि पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाचे त्यात नऊएक महिने गेले! एवढे अर्थ कोणी पाठ करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण बऱ्याच अर्थांच्या मुळाशी वाहणं आहे. जुन्या इंग्रजीतलं रनचं रूप पळणं आणि वाहणं दोन्हीसाठी चालायचं, जर्मनमधलं रिनेन तर आजही वाहण्यासाठीच वापरतात. नदी, नळ, नाक सगळं रन होतं ते यामुळेच, आणि धुताना कपड्याचा रंग पसरतो तोही रनच.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी चालते! मशीन चालतं, दुकान चालवतात, नाटक वर्षभर चालतं, बस रात्री उशिरापर्यंत चालतात, या सगळ्याला रन बिनधास्त वापरा. फक्त एक सांभाळा, फोन बिघडलाय या अर्थाने ‘फोन चालत नाहीये’ म्हणायचं असेल तर तिथे वर्क येतं, रन नाही. इंजिन रन होतंय म्हणजे आत्ता चालू आहे आणि इंजिन वर्क करतंय म्हणजे ते ठीक आहे, हा फरक लक्षात आला की बऱ्याच चुका आपोआप टळतात.

निवडणुकीत अमेरिकन माणूस रन फॉर म्हणतो, ब्रिटिश स्टँड फॉर म्हणतो आणि आपणही उमेदवार उभा राहिला असंच म्हणतो. बँकेवरचा रन म्हणजे सगळ्यांनी एकदम पैसे काढायला धाव घेणं, मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायचा प्रयत्न झाला तेव्हा बहुतेकांनी ते घरबसल्या ऑनलाइनच केलं, तरी शब्द तोच.

खरी काळजी घ्यायची ती रनच्या मागे येणाऱ्या छोट्या शब्दांची. रन इनटू म्हणजे कोणीतरी अचानक भेटणं (किंवा धडकणं, संदर्भ बघायचा), पण रन ओव्हर म्हणजे गाडीखाली चिरडणं, त्यामुळे मित्र भेटला हे सांगताना इथे गल्लत नको. रन थ्रू म्हणजे पटकन उजळणी. आणि रन आउट दोन्ही बाजूंनी चालतं, ‘द मिल्क हॅज रन आउट’ म्हणा नाहीतर ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणा, दूध संपलंय. दुसऱ्या वाक्यात कर्ता आपण असतो म्हणून तिथलं ऑफ गाळायचं नाही, आणि हॅवनंतर रॅन कधीच येत नाही, रनच येतं.