एसएस9 ची नोंद: थंडी हाताशी आली, दाब अजून नाही

मंडळी, थंडीत आणि दाबाखाली आरएनए रेणूच्या घड्या कशा पडतात ते संगणकावर पाहण्याचं काम थोडं पुढे सरकलंय. गडी तोच, फोटोबॅक्टेरियम प्रोफंडम या खोल समुद्रातल्या जिवाणूचा एसएस9 स्ट्रेन (वाण). फिलिपिन्सजवळच्या सुलू समुद्रात 2,551 मीटर खोलीवरच्या, कोळंबीसारख्या छोट्या अ‍ॅम्फिपॉडमधून मिळालेला. जीनोम 2005 पासून खुला आहे, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर भागतं.

घड्या मोजताना तापमान 10 अंश सेल्सिअस ठेवलं. 4 वर चालवायचा मोह होतो, पण सुलूचं तळपाणी खोल समुद्राच्या मानाने ऊबदार, दहाच्या आसपास.

आधी पडताळा म्हणून ई. कोलायचं सीएसपीए हे थंडीच्या धक्क्याचं जनुक घेतलं. त्याचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारा आरएनए) 37 अंशांवर काही सेकंदांत तुटतो. थंडीचा धक्का बसला की वीस मिनिटांहून जास्त टिकतो आणि घडीही बदलतो, राइबोसोम (प्रथिनं बनवणारं यंत्र) बसायची जागा मोकळी होते. म्हणजे तो रेणूच थर्मामीटर. घड्यांचा अंदाज बांधणाऱ्या आरएनएफोल्ड या प्रोग्राममध्ये मात्र तापमान उतरवलं की सगळ्याच घड्या घट्ट दिसायला लागतात. त्यामुळे एकूण ऊर्जेचा आकडा बघून हुरळायचं नाही. राइबोसोमच्या जागेतला एकेक न्यूक्लिओटाइड सुटा राहण्याची शक्यता किती, तेवढंच बघायचं. आता एसएस9 च्या सीएसपी (थंडीच्या धक्क्याच्या) जनुकांसाठीही मी त्याच शक्यतेचा स्तंभ ठेवतो.

खरी अडचण दाबाची. आरएनएफोल्डला तापमान सांगता येतं, दाब नाही. आणि एसएस9 ला मानवतं ते 15 अंश आणि वातावरणाच्या सुमारे 280 पट दाब. पेशीपटल दोन्हींनी आखडतं. त्या पटलातच टॉक्सआर हे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन बसलेलं असतं (हो, कॉलऱ्याच्या जंतूतलंच). साध्या दाबाला ते ओम्पएल हे बाह्यपटलातल्या प्रथिनाचं जनुक चालू ठेवतं आणि ओम्पएच हे तसलंच दुसरं रोखून धरतं. दाब वाढला की त्याचा जोर ओसरतो आणि पारडं उलटतं.

आखडणारं पटल सैल ठेवायला ईपीए, म्हणजे माशाच्या तेलातलं ओमेगा-3, असल्याशिवाय खोल पाण्यात निभाव लागत नाही, असं आपल्यातले बरेच जण अजून धरून चालतात. मला ते पटत नाही. 1999 मध्येच स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या डग्लस बार्टलेट यांच्या गटाने ईपीए न बनवणारा एसएस9 थंडीत आणि दाबाखाली वाढतो हे दाखवलं होतं. अडला तो एकच दुहेरी बंध असलेली मेदाम्लं कमी पडलेला.

पुढे ओम्पएच आणि ओम्पएल जनुकांच्या लगेच आधीचे डीएनएचे पट्टे शेजारी लावून टॉक्सआर कुठे चिकटत असेल ते शोधणार. कॉलऱ्याच्या जंतूतल्या टॉक्सआर चिकटण्याच्या जागांची जुळणी (एकाखाली एक लावलेले क्रम) कुणाकडे तयार असेल तर पाठवा, सुरुवात तिथूनच करतो.